पंधरावा प्रश्न

"वीर्य म्हणा."

माझ्या मुलाखतीत मोघे डॉक्टरांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. त्याआधी सहा वर्षं मी एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला होते. तिथे फार तर "आ करा" म्हणायला लागायचं. इथे डोंबिवली पूर्वेला, फरसाणच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर, पांढऱ्या मिशांचा एक किरकोळ बांध्याचा माणूस टेबलापलीकडून शांतपणे माझ्याकडे बघत बसलेला, आणि मी आपली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतेय.

"म्हणजे... ते?" मी विचारलं.

"ते नाही. तुम्ही 'ते' म्हणालात की समोरच्याला वाटतं, आपण काहीतरी गुन्हा करून आलोय. नाव घ्या. खाली फरसाणवाल्याला ऐकू गेलं पाहिजे."

मी घेतलं नाव. पहिल्यांदा कुजबुजत, दुसऱ्यांदा बरं, आणि तिसऱ्यांदा मला आला राग, म्हणून असं खणखणीत घेतलं की खालून आवाज आला, "काय देऊ, ताई?"

"सोमवारपासून या," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो अर्धा तास हसत होता. मग एकदम गंभीर होऊन बोलला, "सुलभा, शेजारी काय सांगायचं?" मी म्हटलं, नाव घेऊन सांगायचं. पंधरा वर्षं त्या खुर्चीवर काढली मी. डॉक्टर जाऊन आता दोन वर्षं होतील, दवाखान्याच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालंय, पण त्या जिन्यावरून कुणी खाली मान घालून उतरताना दिसला की अजून माझ्या तोंडात येतं, "अहो, मान वर करा, पडाल!"

मूल होत नाही, त्यात पुरुषाच्या बाजूने काही अडचण आहे का, हे बघणारे डॉक्टर होते ते. शिवाय लग्न झालंय पण जमत नाहीये, अशी माणसंही यायची. रेल्वेच्या भिंतींवर ज्या जाहिराती रंगवलेल्या असतात ना, गुप्त अमुक आणि गुप्त तमुक, त्यांचा त्यांना भयंकर राग. "गुप्त काय आहे त्यात? निम्म्या जगाकडे आहे." त्यांच्या बोर्डावर नुसतं 'डॉ. मोघे, पुरुषांचे आरोग्य' एवढंच. वेटिंगमधल्या खुर्च्या आधी सगळ्या भिंतीकडे तोंड करून होत्या, म्हणजे पेशंटची पेशंटशी नजरानजर नको. त्यांनी त्या समोरासमोर लावल्या. त्यामुळे एकदा एकाच सोसायटीचे सेक्रेटरी आणि खजिनदार समोरासमोर आले. सेक्रेटरी उठून मला बोलले, "मॅडम, ते पाण्याच्या टाकीचं कुठे विचारायचं?" मी म्हटलं, "इथेच बसा, नंबर लावते टाकीचा." खजिनदार एवढे हसले, एवढे हसले, की शेवटी दोघं एकाच रिक्षाने घरी गेले.

डॉक्टरांचा दुसरा नियम, आधी बुवा मग बाई. बायका यायच्या ना, त्यांच्या हातात फायली असायच्या अशा जाडजूड. सगळ्या तपासण्या झालेल्या, दुर्बीण झालेली, नवस झालेले, उपास चालू. आणि नवरा बाहेर मोबाइलवर. डॉक्टर ती फाइल न उघडता हातावर तोलायचे. "ही दीड किलो भरेल. आता यांची फाइल दाखवा." यांची फाइल नसायचीच. एक सासूबाई तर ताडकन बोलल्या, "माझ्या मुलाला काय झालंय? चांगला सहा फूट आहे." डॉक्टर म्हणाले, "उंची मी मोजत नाही, आजी."

त्याच सासूबाईंनी निघताना टेबलावरची मण्यांची माळ बघितली. लंबगोल मणी, बारा, पहिला वाटाण्याएवढा आणि शेवटचा छोट्या अंड्याएवढा. वृषणांचा आकार मोजायला असते ती. हाताने चाचपायचं आणि कुठल्या मण्याशी जुळतंय ते बघायचं. सासूबाईंना काय ठाऊक. त्यांनी माळ उचलून दोन्ही डोळ्यांना लावली. म्हणाल्या, "डॉक्टर एवढे शिकलेले, पण देवाला विसरले नाहीत हो." मुलगा लाल झाला, सून खाली बघतेय, मी तोंडात रुमाल कोंबलेला. डॉक्टर मात्र उभे राहिले, हात जोडून म्हणाले, "रोज हातात घेतो, आजी." त्या मुलाने पुढच्याच आठवड्यात निमूट येऊन तपासून घेतलं. आईने डोळ्यांना लावलेल्या वस्तूला नाही कसं म्हणणार?

तपासायच्या आधी त्यांचं एक ठरलेलं होतं. चहा मागवायचा आणि कप दोन्ही तळव्यांत धरून बसायचं. मला वाटायचं, काय हे चहाचं व्यसन! महिनाभराने कळलं, ते चहा पीतच नव्हते. हात गरम करत होते. "गार हात लागला की माणूस आखडतो, आणि आखडलेल्या माणसाला तपासून काही कळत नाही." पंखा बंद, एसी बंद, पेशंटला उभं करून तपासायचे, कारण शिरा फुगल्या असतील तर त्या उभ्यानेच हाताला लागतात. मे महिन्यात आतून दोघंही घामाने निथळत बाहेर यायचे. पेशंटचं जाऊ दे, त्याची दोनच मिनिटं, डॉक्टर दिवसभर. मी ओरडायचे त्यांच्यावर, "एक दिवस तुम्हीच चक्कर येऊन पडाल." ते थंड झालेला चहा मला द्यायचे. असे किती गार चहा मी बेसिनमध्ये ओतलेत, देवाला ठाऊक.

आणि तो कागद. प्रत्येक नव्या पेशंटला भरायचा फॉर्म. त्यावर चौदा प्रश्न छापलेले. लग्नाला किती वर्षं, काम काय, भट्टीजवळ किंवा गाडीवर तासन् तास बसता का, लहानपणी गालगुंड झालेलं का, हर्नियाचं ऑपरेशन, तंबाखू, गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप, सध्या काही औषध चालू आहे का, वगैरे वगैरे. आणि चौदाव्याखाली पंधरावा प्रश्न डॉक्टर स्वतःच्या हाताने लाल पेनने लिहायचे. 'ताकदीसाठी कधी इंजेक्शन घेतलं का? जिममध्ये, तालमीत, ओळखीत, कुणीही दिलेलं?' दिवसाला दहा पेशंट तर दहा वेळा. मी म्हटलं, "सर, छापून घेऊ या ना. प्रेस खालीच आहे." "नको." "मग मी लिहिते." "नको." "मग हात मोडून घ्या," मी बोलले. तोंड फटकळच आहे माझं, दातांच्या डॉक्टरने त्यालाच कंटाळून काढलेलं मला.

ते रागावले नाहीत. शनिवारची दुपार होती, पेशंट संपलेले. म्हणाले, "बसा, सुलभाबाई." आणि मग त्यांनी मला जयवंतची गोष्ट सांगितली. नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही, 'एक गृहस्थ' म्हणाले. नाव मला पुढे कळलं, पण मी इथे सरळ जयवंतच म्हणते.

डॉक्टर तेव्हा नवीन होते, दवाखाना ठाण्याला. वर्तकनगरचा एक फिटर आला. शर्टाची बटणं ताणलेली, दंड असे की डॉक्टरांना वाटलं, याला काय होणार? मूल नाही म्हणून आलेला. तपासणी केली तर शुक्राणू शून्य. एकही नाही. डॉक्टर तरुण, हुशार, घाईचे. तसं लिहिलं, सही ठोकली, वर तोंडाने सांगितलं, "तुम्हाला मूल होणं शक्य नाही." दुसरा नमुना मागितला नाही. रक्त तपासलं नाही. जयवंत कागदाची घडी घालून निघून गेला.

दीड वर्षाने त्याची बायको एकटी आली. सुमन तिचं नाव. पाचवा महिना. उभ्या उभ्याच म्हणाली, "डॉक्टर, घरात रोज तुमचा कागद काढून वाचतात. शून्य आहे म्हणतात. मग हे कुणाचं, म्हणतात. सगळी बिल्डिंग ऐकते."

तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं, जे नवऱ्याला विचारायला पाहिजे होतं. तर कळलं की जयवंत व्यायामशाळेत उस्तादाकडून दर आठवड्याला अंग भरायचं इंजेक्शन घ्यायचा. मग उस्ताद दुबईला गेला, इंजेक्शन बंद पडलं.

"ते इंजेक्शन म्हणजे पुरुषाच्या शरीरात जे बनतं तेच, बाहेरून घेतलेलं," डॉक्टर मला समजावत होते. "शरीर म्हणतं, आयतं मिळतंय तर आपण कशाला राबा. आतला कारखाना बंद. इंजेक्शन थांबलं की काही महिन्यांनी बहुतेकांचा पुन्हा सुरू होतो. त्या दिवशी शून्य होतं, हे खरं. ते कायमचं आहे, हे मी ठरवलं. एका नमुन्यावर."

त्यांनी सुमनला सांगितलं, उद्याच्या उद्या नवऱ्याला आण. आलं नाही कुणी. तिसऱ्या दिवशी हे स्वतः वर्तकनगरला गेले. घराला कुलूप. भांडण झालं, गावाला गेले की आणखी कुठे, कुणाला पत्ता नाही.

"म्हणजे कुठेतरी एक मूल आहे, सुलभाबाई," डॉक्टर म्हणाले, "आणि त्याच्या बापाच्या कपाटात माझ्या सहीचा कागद आहे." मग लाल पेनचं टोपण लावलं. "छापलं की हात विसरतो. म्हणून लिहितो."

छापायचं नाव मी पुन्हा काढलं नाही. 

जयवंतनंतर एक नमुना बघून त्यांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही. दोन तरी पाहिजेत, मध्ये अंतर पाहिजे, शून्य आलं तर रक्त पाहिजे, मग बोलू. पेशंट घाई करायचे, "सर, अंदाज तरी सांगा." "अंदाज हवामानखात्याला विचारा."

आणि महिन्यातून एका रविवारी वर्तकनगर. मला आधी पटेना, एवढ्या वर्षांनी कोण सापडणार? पण ते जायचेच. पुन्हा आपण डॉक्टर आहोत, हे सांगायची सोय नाही. 'जयवंतला कुठले डॉक्टर शोधतायत' म्हटलं की झालंच, बिल्डिंगभर चर्चा. म्हणून हे सांगायचे, मी त्याचा शाळेतला मास्तर. दिसायचेही तसेच. एकदा एका बाईने लगेच मुलाचा गणिताचा पेपर पुढे केला. हे तास-दीड तास अपूर्णांक शिकवून आले. सोमवारी मला सांगतात, "जयवंत नाही मिळाला, पण मुलगा हुशार आहे." पुढे जुन्या इमारती पाडायला लागले, टॉवर आले, ओळखीचे दुकानदार गेले. हे नव्या वॉचमनकडे चिठ्ठी ठेवून यायचे.

एवढं वाचून कुणाला वाटेल, माणूस सुतकी असेल. छे! खडवलीचा तो दूधवाला आला त्या दिवशी आम्ही सगळे मेलो होतो हसून. घरून नमुना आणायचा असेल तर तासाभरात आणा, असं मी त्याला बजावलेलं. आला बिचारा धापा टाकत, वेळेत. हातात हा एवढा थर्मास. उघडला तर आत बर्फ, बर्फात डबी. म्हटलं, हे काय? तर म्हणतो, "ताई, ऊन केवढं. दूध पण आम्ही बर्फातच आणतो, नाहीतर नासतं."

एवढ्या गारव्यात सगळे शुक्राणू थिजलेले असणार, त्यात काय दिसणार? डॉक्टरांनी त्याच्यासमोर चेहरा हलू दिला नाही. म्हणाले, "तुम्ही काळजी घेतलीत, हे फार चांगलं केलंत. फक्त पुढच्या वेळी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत आणा." तो गेला, दार लागलं, आणि डॉक्टर टेबलावर डोकं ठेवून असे हसले की चष्मा खाली पडला. मग डोळे पुसून एकदम म्हणाले, "चूक आपली. आपण वेळ सांगितली, ऊब सांगितली नाही." त्याच दिवशी पेशंटला द्यायच्या सूचनांमध्ये त्यांनी ओळ घातली: 'बर्फ नको. बर्फ लग्नातल्या सरबताला.' दूधवाल्याच्या दोन्ही नमुन्यांत पुढे थोडं कमी निघालं, शिरा फुगलेल्या होत्या, छोटं ऑपरेशन झालं. मुलगी झाली तेव्हा त्याच थर्मासमधून खरवस घेऊन आला. मी दोनदा विचारलं, थर्मास धुतलाय ना?

आणि एक कडीवाला. कल्याणचा पोरगा, लग्नाला चार महिने, काहीच जमेना. तोंड एवढंसं झालेलं. सगळ्या तपासण्या ठीक. दुसऱ्या डॉक्टरने गोळ्या दिलेल्या, भोंदूने भस्म दिलेलं. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "घर केवढं?" एक खोली आणि स्वयंपाकघर. "झोपता कुठे?" स्वयंपाकघरात. "दाराला कडी आहे?" कडी नव्हती. आई रात्री दोन-तीनदा पाणी प्यायला उठायची. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनवर लिहिलं, 'कडी, एक, आतून. आईसाठी तांब्या-भांडं, उशाशी.' पोरगा घाबरट, ते घेऊन मेडिकलमध्ये गेला. मेडिकलवाल्याचा मला फोन, "मॅडम, हे कडी कुठल्या कंपनीचं?" मी म्हटलं, हार्डवेअरवाल्याकडे पाठव. पुढच्या महिन्यात पेढे आले. जुळे निघाले पुढे.

तर असं चाललेलं. एका मंगळवारी चारच्या सुमारास एक मुलगा आला. पंचविशीचा असेल, फॉर्मल शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग. सहा जण बसलेले. मी फॉर्म पुढे केला तर म्हणतो, "मला चेकअप नाही करायचंय. डॉक्टरांना फक्त एक कागद दाखवायचाय." नाव विचारलं. निखिल. वडिलांचं नाव? जयवंत. राहायला? माजिवडा. आधी कुठे होतात? "आई सांगते, पूर्वी वर्तकनगरला होतो."

मी फॉर्म तसाच टेबलावर टाकला. नंबर-बिंबर सगळं गेलं उडत, मी त्याला सरळ आत नेलं आणि बाहेर जायचं सोडून तिथेच उभी राहिले.

कागद पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला. ठाण्याचा पत्ता, डॉक्टरांची जुनी, टोकदार सही. मुलगा म्हणाला, "माझं लग्न ठरलंय. जन्माचा दाखला शोधत होतो, बाबांच्या कपाटात हा मिळाला. तुमचं नाव नेटवर टाकलं, पत्ता मिळाला." मग त्याने आकड्यावर बोट ठेवलं. "यात शून्य लिहिलंय, सर. तारीख बघा. माझ्या जन्माआधी दोन वर्षं. मग मी कोणाचा?"

डॉक्टर उठले. पुन्हा बसले. मी वाट बघतेय, आता सांगतील, आता सांगतील. आणि हे म्हणतात, "हा रिपोर्ट तुमचा नाही. याच्याबद्दल तुमच्याशी मला एक अक्षर बोलता येणार नाही."

"अहो सर!" माझा तोल गेला. "पोरगं रडकुंडीला आलंय! पंचवीस वर्षं शोधताय ना? सांगून मोकळे व्हा की!"

"ज्याचा रिपोर्ट त्याच्या कानात," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "एकदा न विचारता ठरवलं, सुलभाबाई. आता पुन्हा न विचारता?" मग मुलाकडे वळले. "बाबा आहेत?"

"आहेत. घरी असतील."

"मला न्या."

आणि डॉक्टरांनी पंधरा वर्षांत न केलेली गोष्ट केली. भर दवाखान्यात बाहेर येऊन हात जोडले. "मंडळी, माफ करा. माझी एक पंचवीस वर्षांपूर्वीची अपॉइंटमेंट राहिलीय." सहाच्या सहा जण उठून उभे राहिले. एक म्हातारा रिक्षावाला होता त्यांच्यात, तो म्हणाला, "चला, मीच सोडतो कल्याण फाट्यापर्यंत, तिथून पुढची बघू."

दवाखाना तसाच उघडा टाकून मीही रिक्षात बसले. शीळ रस्त्याला नेहमीचं ट्रॅफिक. दीड तास लागला. डॉक्टर वाटभर नुसते तळहात एकमेकांवर चोळत होते. मुलगा दारात शिरायच्या आधी घाबरला, माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, हे वाईट काही नाही ना सांगणार?" मी म्हटलं, "गप बस, आणि बेल दाब." मला तरी काय माहीत होतं?

तिसरा मजला. दार जयवंतने उघडलं. कुठले दंड नि कुठली छाती! पोट सुटलेलं, केस पिकलेले, लेंगा. त्याने डॉक्टरांकडे बघितलं, मग मुलाच्या हातातल्या कागदाकडे, आणि दाराची चौकट धरली. "तुम्ही," एवढंच बोलला.

डॉक्टर उंबऱ्यातच थांबले. "जयवंतराव, तुमच्या जुन्या तपासणीबद्दल बोलायचंय. आपण दोघांनीच बोलायचं, की सगळ्यांसमोर? तुम्ही सांगाल तसं."

आतून कुकरची शिट्टी झाली. सुमन ओट्याशी होती, हात पिठाचे, ती तिथेच थांबली.  मला वाटलं, जयवंत आता दार लावतो. मग तो बाजूला सरला. "या. बोला सगळ्यांसमोर."

डॉक्टर बोलले. इंजेक्शनचं, कारखान्याचं, सगळं, मला सांगितलेलं तसंच. "तो कागद त्या दिवसापुरता खरा होता. पुढचं जे मी तोंडाने सांगितलं ते चूक. मी तुम्हाला एक प्रश्न विचारायला हवा होता. विचारला नाही."

जयवंत खुर्चीवर बसला. "विचारलेलं की तुम्ही. औषध चालू आहे का, म्हणून. मी नाही बोललो." तो हसल्यासारखा झाला. "औषध आजारी माणूस घेतो. मी तर तगडा होतो. इंजेक्शन काय, खुराकच तो." मग मुलाकडे न बघता म्हणाला, "हा माझाच आहे, ते मला त्याचा तोंडावळा बघून केव्हाच कळलेलं. पण तोवर हिला दोन वर्षं माहेरी ठेवलेलं मी. आणायला गेलो, ते पण एक शब्द न बोलता. कागद फाडला असता तर सगळी चूक माझ्यावर आली असती. म्हणून ठेवला."

निखिलने कागद टेबलावर ठेवला, बापाच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला, ऑफिसचे कपडे होते तरी. मी भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते.

तेवढ्यात सुमन बाहेर आली. हात तसेच पिठाचे. "डॉक्टर, मघाशी काय म्हणालात? चूक कुणाची?"

"माझी, वहिनी."

"मोठ्याने म्हणा." तिने बाहेरचं दार पुरतं उघडलं. "तेव्हा सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलेलं. आता या बिल्डिंगला जाऊ दे."

डॉक्टरांनी जयवंतकडे बघितलं. त्याने मान हलवली. मग आमचे साठी उलटलेले मोघे डॉक्टर, कधी पेशंटवर आवाज न चढवणारे, माजिवड्याच्या त्या पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "या बाईंचं काही चुकलं नव्हतं! चूक माझी होती! माझी!"

दोन दारं उघडली. समोरच्या काकू चष्मा लावत बाहेर आल्या. "काय हो वहिनी, सोसायटीची मीटिंग आहे का?"

"नाही हो," सुमन म्हणाली. "आमचे डॉक्टर आलेत. जरा उशीर झाला त्यांना."

मग ती वळली. "आता तुम्ही," नवऱ्याला म्हणाली.

जयवंत उठून उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं.  एवढा मोठा माणूस, नुसता लेंग्याची नाडी चाळवत उभा. डॉक्टर परत आत आले, त्याच्या शेजारी उभे राहिले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सोपं असतं, जयवंतराव," ते म्हणाले. "पहिल्यांदा कुजबुजत म्हणा. दुसऱ्यांदा बरं होतं. तिसऱ्यांदा खाली दुकानापर्यंत जातं."

मला दवाखाना बंद करायला परत यायचं होतं, म्हणून मी निघाले. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरत होते. पहिल्यांदा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा अर्धवट ऐकू आलं. तिसऱ्यांदा मी गेटपाशी पोचलेले, आणि वॉचमनने खुर्चीवरून उठून वर बघितलं.